दगडांना पाणी

इथं ओमानमध्ये, अल हैलमधल्या आमच्या गल्लीतल्या खजुरींना पुन्हा जाळ्या बांधल्यात. फळ पिवळं व्हायला लागलं की माणसं शिड्या घेऊन येतात आणि पाखरांपासून वाचावं म्हणून एकेका घडाला हिरवी जाळी घालतात. खालून बघितलं तर वाटतं, कुणीतरी झाडाला पिशव्या टांगून निघून गेलंय. हवा जड झालीय. घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्याची काच पांढरी होते आणि काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही.

काल संध्याकाळी शेजारचे सालिम रुतब घेऊन आले. रुतब म्हणजे अर्धा मऊ झालेला, अर्धा अजून कडक असलेला ताजा खजूर. त्यांच्या गावच्या बागेतला पहिला तोडा ते दरवर्षी आम्हाला देतात. वैशालीनं, माझ्या बायकोनं, वाडगा दोन्ही हातांनी घेतला, "शुक्रन" म्हणाली आणि आत जाऊन ओट्यावर ठेवला. आज पहाटे मी उठलो तेव्हा तो तसाच होता. एकही कमी झालेला नव्हता. ती मात्र माझ्याआधी उठून मोरीत पाण्याचे रिकामे कॅन विसळत होती. पाच लिटरचे चार कॅन.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्हाला मुलगी झाली. ती रडली नाही. डॉक्टर म्हणाल्या, पोटातच गेली होती, कदाचित आदल्या दिवशीच.

मी लिहिणारा माणूस नाही. करमाळ्यात शिकलो. वडील एस.टी.च्या डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला आणि तो मी हुशार होतो म्हणून आला नाही. सांगितलेलं ऐकायचो, म्हणून आला. गुरुजी म्हणाले पाठ कर, मी पाठ केलं. सर म्हणाले पुण्याला जा, मी गेलो. कुणीतरी म्हणालं ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर जागा आहे, अर्ज कर, मी केला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं मला एकेक पायरी वर ढकललं, आणि ते उपकार मी विसरलेलो नाही. वडिलांना फोनवर सांगितलं होतं की आम्ही खारं पाणी पंपानं दाबून दाबून गोडं करतो आणि ते सगळ्या शहराला जातं. ते म्हणाले, "मग तिकडं गाड्या धुवायला पानी कमी पडत नसंल." त्यांना माझ्या नोकरीतलं एवढंच पटलं होतं.

त्या दिवशीही मी सांगितलेलं ऐकलं. दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून आईला फोन लावला. ती रडली, आणि मग तिच्या वयाच्या बायका जसं बोलतात तसं, अगदी कामाचं बोलायला लागली. "ल्हान जिवाला दिवस नसत्यात बाबा. जाळायचं बी नसतं. मातीत ठिवायचं, खड्ड्यात मीठ घालायचं. वैशालीला नेऊ नको. तिला तोंड दावू नको, माया लागती. आन् माघारी येताना वळून बघू नको." मी हो म्हणालो. आत गेलो तर केरळची नर्स पांढरं बोचकं घेऊन उभी होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "सर, मदर देखेगी?"

"नहीं."

"पक्का?"

"पक्का," मी म्हणालो. पडद्यापलीकडं वैशाली जागी होती. तिला हे ऐकू गेलं असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

माझ्याबरोबर इस्माईलभाई आले. ते आमच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये होते, दापोलीकडचे. रिटायर व्हायला तेव्हा काही महिनेच राहिले होते. आपल्या लोकांची स्मशानभूमी गावाबाहेर, वादीच्या काठाला आहे. वादी म्हणजे कोरडी नदी, एरवी नुसते गोटे आणि वाळू. त्या जागेच्या एका कडेला, भिंतीलगत, लहान मुलांची माती. मी फावडं उचललं, पण पहिला घाव कुठं घालायचा ते कळेना. इस्माईलभाईंनी ते माझ्याकडून काढून घेतलं. "तू बाजूला बस. मी बघतंय." खणताना ते ओठातल्या ओठात त्यांचं काहीतरी म्हणत होते. माझ्याकडं म्हणायला काहीच नव्हतं, कारण लहान जिवाला मंत्रही नसतो म्हणे. मी मीठ घातलं. माती लोटली. आणि निघालो तो सरळ फाटकाकडं बघत. इस्माईलभाई मागं थोडे रेंगाळले, दगड ठेवल्याचा आवाज आला. मी वळलो नाही.

घरी आलो तर दारात सालिमची बायको. हातात रुतबचं ताट, वर लाल झिरमिळ्यांचं कापड. मूल झालं एवढंच तिला कळलं होतं. तिनं हसत ताट दोन्ही हातांनी पुढं उचललं, आणि मग माझा चेहरा बघून ते हळूहळू खाली आलं. तेव्हापासून आमच्या घरात रुतब येतो आणि तसाच राहतो.

त्या उन्हाळ्याचं मला फारसं वेगळं काही आठवत नाही. एसीचा आवाज आठवतो. वैशाली भिंतीकडं तोंड करून झोपलेली असायची. दोन वाक्यांच्या पलीकडं आमचं बोलणं जात नव्हतं: "जेवलीस का", "हो". बाळाचे कपडे आधी शिवायचे नसतात, म्हणून घरात आवरून ठेवायलाही काही नव्हतं. नाव नव्हतं, फोटो नव्हता. कधीकधी प्लांटवर पंपांच्या आवाजात उभा असताना मला वाटायचं, हे सगळं खरंच झालं का?

नोव्हेंबरमध्ये कंपनीनं मला ट्रेनिंगला जपानला पाठवलं. आमचे पंप तिकडून येतात. आमच्या ओमानी मॅनेजर बाई म्हणाल्या, "बायकोला घेऊन जा. इथं ठेवलीस तर ती भिंत झिजवेल." त्यांनी सांगितलं, म्हणून तेही मी ऐकलं. ट्रेनिंगच्या शेवटच्या रविवारी तिथले आमचे शिक्षक, मोरिता-सान, आम्हाला क्योटो दाखवायला घेऊन गेले. मोरिता-सान साठीचे, बारीक, टोपी घालणारे. सकाळी स्टेशनवर भेटताच त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. दिवसाचं वेळापत्रक. नऊ दहा ते नऊ पन्नास, पहिलं देऊळ. अकरा चाळीस, टोफू. बारा पन्नास, गोड.

वैशालीनं कागद बघितला आणि मला म्हणाली, "यांनी लघवीलापण वेळ लिहिलीय का बघा." पाच महिन्यांत तिनं केलेला तो पहिला विनोद. मी इतका हसलो की मोरिता-सान घाबरले.

त्या दिवसाची थंडी माझ्या तळव्यांना अजून आठवते. देवळात शिरताना बूट काढायचे, ते आपल्यासारखंच. पण आत लाकडाची लांबलचक पडवी, शेकडो वर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेली आणि बर्फासारखी गार. मोज्यांतून गारवा थेट हाडांत जायचा. बाहेर अंगणात मेपलची पानं लाल झालेली, एक म्हातारा झाडूवाला ती गोळा करत होता. तो एक ढीग करायचा आणि मागं दुसरी पानं पडायची. उदबत्तीचा वास होता, पण आपल्या उदबत्तीसारखा गोड नाही, ओल्या लाकडासारखा. आम्ही दोघं सवयीनं गाभारा शोधत होतो. पुढं गेलं, खूप पुढं, तर एक काळी लाकडी कपाटासारखी पेटी, सोन्याच्या कड्या, आणि दारं बंद. लोक त्या बंद दारापुढं हात जोडत होते.

"उघडणार कधी?" वैशालीनं विचारलं.

मी मोरिता-सानना विचारलं. ते म्हणाले, ही मूर्ती दाखवत नाहीत. खूप वर्षांतून एकदा उघडतात. त्यांनी स्वतःही कधी पाहिली नाही.

मी तिला सांगितलं. ती बराच वेळ त्या दारांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बघितल्याशिवाय कसं कळतं, आत आहे म्हणून?" मला वाटलं, ती देवाबद्दलच बोलतेय. मी उत्तरही त्याच हिशेबानं दिलं, श्रद्धा वगैरे.

अकरा चाळीसला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. एका जुन्या घरात, चटईवर मांडी घालून. वैशाली शाकाहारी, म्हणून मोरिता-साननी मुद्दाम देवळाच्या पद्धतीचं जेवण शोधलं होतं. त्यात मासळीचा अर्कही घालत नाहीत. मातीच्या भांड्यात गरम पाणी, पाण्यात समुद्री पाल्याचा एक तुकडा, आणि पांढरे टोफूचे चौकोन हळूहळू हलताहेत. बाजूला भात, सलगमचं लोणचं, तिळाचा एक पदार्थ. वैशालीनं एक तुकडा तोंडात घातला आणि माझ्या कानाशी आली. "आजारी माणसाचं जेवण आहे हो हे. फोडणी राहिली." पण तिनं ते संपवलं. दुसऱ्या देवळाच्या वाटेवर एका दुकानात लालसर गोड सारण भरलेले तांदळाचे गोळे मिळाले. तिनं एक चावा घेतला, थांबली, आतलं सारण निरखलं. "हे पुरण आहे. वेलदोडा विसरलेत फक्त. विचारा त्यांना, कटाची आमटी कुठाय?" मी ते विचारलं नाही. पुढं एक माणूस हातगाडीवर दगडांत भाजलेली रताळी विकत होता. कागदात गुंडाळलेलं गरम रताळं तिनं दोन्ही हातांत धरलं आणि गालाला लावलं. मी तेव्हा मनात म्हणालो, संपलं. आपण त्यातून बाहेर आलो.

तिसऱ्या देवळाच्या मागं जे होतं ते मोरिता-सानच्या कागदावर नव्हतं. ते तिकीट काढायला गेले आणि वैशाली बांबूंच्या बाजूनं वर जाणाऱ्या पायवाटेला लागली. मी तिच्या मागं. वळणावर एक उतार होता, आणि त्या उतारावर रांगाच रांगा, गुडघ्याएवढ्या, काही वीतभर उंचीच्या दगडी मूर्ती. गोल डोकी, मिटलेले डोळे, बाळासारखे चेहरे. प्रत्येकाच्या गळ्यात लाल लाळेरं. काहींच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या. कुणापुढं कागदी भिरभिरं, कुणापुढं खेळण्यातली मोटार, कुणापुढं दुधाचा छोटा पुडा, त्यात नळी घालून ठेवलेली.

"अगंबाई!" वैशाली म्हणाली. "बाळदेव आहे हा यांचा." ती पटकन खाली बसली. एका मूर्तीची टोपी तिरकी झाली होती, ती तिनं सरळ केली. गालावरून हात फिरवला. आपल्याकडं बायका मूल मागायला देवीची ओटी भरतात, तसाच हा देव असणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. लाल कापडं म्हणजे फेडलेले नवस. तिनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. मी विचारलं नाही, पण मला कळलं. मग ती त्या मूर्तीच्या खांद्यावर हात टाकून माझ्याकडं बघून हसली. "काढा ना फोटो." मी काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्या वर्षातला तिचा हसणारा फोटो तेवढा एकच.

मोरिता-सान धापा टाकत आले. आम्हाला तिथं बसलेलं बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"हा कसला देव?" मी विचारलं.

ते इंग्रजी शब्द शोधत होते. शोधता शोधता दोनदा थांबले. ही मुलं आहेत, म्हणाले. जी जन्माला येण्याआधी गेली, किंवा येऊन राहिली नाहीत. आमच्याकडं त्यांना पाण्याची मुलं म्हणतात. आईबाप त्यांच्यासाठी मूर्ती ठेवतात. थंडी वाजू नये म्हणून टोपी.

मी वैशालीकडं वळलो. हे मराठीत कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. काहीतरी वेगळंच सांगावं, असंही क्षणभर वाटलं. ती म्हणाली, "कळलं मला. एवढं इंग्रजी येतं." तिचा हात अजून त्या दगडी डोक्यावरच होता. तो तिनं काढला नाही. फक्त बोटं ताठ झाली.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाई वाकून काहीतरी करत होती. निळी बादली, लांब दांड्याची लाकडी पळी. प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर एक पळी पाणी, एक क्षण थांबणं, मग पुढची. असं करत करत ती आमच्यापर्यंत आली. वैशालीनं मला ढोसलं. "विचारा ना, तिचं कुठलं?"

मोरिता-साननी विचारलं. ते विचारताना त्यांनी इतकं खाली वाकून नमस्कार केला की मला लाज वाटली. म्हातारी सरळ झाली, आमच्याकडं बघितलं, आणि थोडंसं हसली. मोरिता-साननी जसं सांगितलं तसं लिहितो. ती म्हणाली, फार वर्षं झाली. मधे देवळानं वाट दुरुस्त केली तेव्हा मूर्ती हलवल्या, चेहरे झिजले, शेवाळं आलं; माझी कुठली ते आता मला ओळखू येत नाही. म्हणून सगळ्यांना घालते. यातली एक माझी आहेच.

तिनं पळी वैशालीपुढं धरली. वैशालीनं ती घेतली. जिची टोपी तिनं सरळ केली होती, तिच्या खांद्यावर पाणी घातलं. मग पळी हातात तशीच धरून, माझ्याकडं न बघता विचारलं, "आपली कुठं आहे?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"आहे," मी म्हणालो. "तिकडंच. जागा धरून ठेवलीय. खूण केलीय."

"कुणी?" तिनं मान वळवून विचारलं.

"मी."

तिनं मान हलवली आणि पळी परत दिली. मोरिता-साननी वेळापत्रकाचा कागद खिशातून पुन्हा काढला नाही. संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळच्या एका टपरीवजा दुकानात जाड शेवयांचा गरम रस्सा खाल्ला. रस्स्यात मासळी असणार, मोरिता-साननी तसं बजावलं. वैशाली म्हणाली, "असू दे आज." तिनं वाडगा तोंडाला लावला, आजूबाजूच्या लोकांसारखा आवाज करत सगळा रस्सा प्यायली आणि वर भातही मागितला. कपाळावर घाम आला होता. दवाखान्यातून आल्यापासून ती पोटभर जेवली नव्हती. मी समोर बसून बघत होतो, आणि मला पक्कं ठाऊक होतं की तिला हे अन्न माझ्या खोटेपणामुळं जातंय.

ओमानला परतल्यावर ती दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायची, "कधी जायचं?" मी म्हणायचो, परवानगी लागते. पाऊस झालाय, रस्ता खचलाय. बायका जात नाहीत. यातलं काही अर्धं खरं होतं, काही अजिबात नव्हतं. मधल्या काळात मी एकटा तीनदा जाऊन आलो. भिंत लांब होती. भिंतीलगत दगडच दगड होते. इस्माईलभाई तोवर गावी गेले होते. त्यांना फोन लावला. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"अरे, लावलेले ना मी धोंडे! दोन लहान, एक मोठा. भिंतीच्या अंगाला."

"फाटकापासून किती लांब, भाई? कितव्या रांगेत?"

"तवा रांग कुठं होती रे?" ते म्हणाले. "तू बघितलं नव्हतंस?"

हिवाळ्यात वादीला पाणी आलं होतं. इथं पाऊस कधीतरीच पडतो, पण पडला की डोंगरावरून सगळं एकदम खाली येतं. ते पाणी भिंतीच्या तळातून आत शिरलं होतं. आता दोन लहान आणि एक मोठा असे दगड मला जागोजागी दिसत होते, आणि कुठंच दिसत नव्हते. शहराचं पाणी ज्या प्लांटमधून जातं तिथं माझ्या हाताखाली प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर आहे, प्रत्येक पाइपाला खूण आहे. एक खूण हरवली तर मी रात्रपाळीच्या माणसाला जाब विचारतो.

गेल्या वर्षी, खजुरींना अशाच जाळ्या लागल्या असताना, ती एका पहाटे तयार होऊन बसली. मांडीवर पाण्याचा कॅन. "चला. आज ऊन व्हायच्या आत."

मी गेलो. दुसरं काय करणार होतो? फाटकावरच्या बांगलादेशी रखवालदारानं कुलूप काढलं. "पाँच मिनिट, साहब. फिर खलास. बहुत गरम." सूर्य नुकताच वर आला होता, तरी दगड हाताला कोमट लागत होते. मी भिंतीलगत चालत गेलो, थोडा रेंगाळलो, आणि एका जागी थांबलो. तीन दगड होते. दोन लहान, एक मोठा. "ही," मी म्हणालो.

वैशाली खाली बसली. मोठ्या दगडावर तळहात ठेवला, बराच वेळ. मग कॅनचं झाकण काढून पाणी घातलं. धार दगडावरून खाली गेली आणि मातीनं लगेच ओढून घेतली. मला वाटलं, आता रडेल. ती उठली आणि शेजारच्या दगडाला पाणी घालायला लागली.

"अगं, ती आपली नाही."

ती थांबली नाही. "मग ती तरी कशावरून?"

रखवालदार लांबून आमच्याकडं बघत होता. मी म्हणालो, "मी मागं वळून बघितलं नव्हतं. आईनं सांगितलं होतं, बघायचं नाही."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तिथंच. खूण केलीय म्हणालात, तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता. त्या आजीच्या बादलीकडं बघत होता." तिनं पुढच्या दगडावर पाणी घातलं. "वाट बघत होते, कधी सांगताय. तुम्ही परवानगी लागते म्हणालात. रस्ता खचलाय म्हणालात."

"वैशाली, मला वाटलं..."

"तुम्हाला काही वाटलं नाही. तुम्हाला सांगितलं, ते तुम्ही केलंत. तोंड दाखवू नको, नाही दाखवलं. तिला नेऊ नको, नाही नेलं. बघू नको, नाही बघितलं." ती आवाज न चढवता बोलत होती, आणि दर वाक्याला एकेक दगड पुढं सरकत होती. "पहिला नंबर. नेहमीसारखा."

मी उभा होतो. करमाळ्याच्या शाळेपासून इथपर्यंत ज्या एका गुणावर मी आलो, तो हा. त्याच्याशिवाय माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

ती सहाव्या-सातव्या दगडापाशी थांबली. पाठ माझ्याकडं. "तुम्ही तरी बघितलंत का तिला? का तेही नाही?"

"बघितलं," मी म्हणालो. "मातीत ठेवताना कापड सरकलं होतं."

"कशी होती?"

"केस होते."

"किती?"

"भरपूर. काळे. ओले होते अजून, कपाळावर चिकटलेले. तुझ्यासारखे, खालपर्यंत आलेले."

ती हललीच नाही. मग "भरपूर," असं स्वतःशीच म्हणाली. हे मी तिला वर्षभर सांगितलं नव्हतं. कुणी सांगू नको म्हणालं नव्हतं, तरीही. ती पुन्हा वाकली. धार आता बारीक झाली होती. अकराव्या दगडावर नुसते थेंब पडले. तिनं कॅन उलटा करून झटकला. पुढं भिंतीच्या शेवटापर्यंत दगड होते, आणि ते कोरडे होते. ती रिकामा कॅन धरून त्यांच्याकडं बघत राहिली. मी गाडीतून पाणी आणतो म्हणालो. गाडीत पाणी नव्हतं. शहराला पाणी देणारा माणूस मी. पिण्याची बाटलीसुद्धा आणली नव्हती.

"यल्ला, साहब," रखवालदारानं चला म्हणून हाक मारली.

फाटकातून बाहेर पडताना मी वळून बघितलं. उन्हानं अकराही दगड वाळवले होते. कुणाला पाणी मिळालं आणि कुणाला नाही, ते एवढ्यातच ओळखू येत नव्हतं.

हे गेल्या वर्षीचं. त्यानंतर आम्ही बोलतो, म्हणजे भाजी, लाइट बिल, करमाळ्याच्या माणसांची तब्येत, सगळं. ती कधीकधी मधेच विचारते, "कानापर्यंत होते का केस?" आणि मी आठवून सांगतो. आठवत नाही तेव्हा आठवत नाही म्हणतो. मला माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारण्यासारखं ते नाही.

आज मी चार कॅन भरले. नळाखाली एकेक भरताना बघत होतो. हे पाणी परवापर्यंत समुद्र होतं. डिकीत ठेवले, वर जुनी चादर टाकली. वैशालीनं घराला कुलूप लावलं. सालिमच्या खजुरीखाली दोन-तीन रुतब पडून फुटले होते, त्यावर मुंग्या लागल्या होत्या. ती गाडीत बसली, पट्टा लावला.

"पुरेल का?" मी विचारलं.

"नाही पुरणार," ती म्हणाली. "या वर्षात अजून दगड झाले असतील."

मी गाडी सुरू केली. काच पांढरी झाली होती, वायपर फिरवला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती म्हणाली, "फाटकातून आत गेलं की सरळ पार भिंतीच्या शेवटाला चला. या वेळी दुसऱ्या टोकापासून घालायचं. गेल्या वेळी तिकडचे कोरडे राहिलेत."